जबाब कोणापुढें द्यावयाचा?

जबाबदारी हा शब्द आपण इतक्या सहजपणें वापरतों कीं, त्याच्या पोटांत ‘जबाब’ दडला आहे याची आठवण फार थोड्यांना राहते. आपल्या कृत्याचा जबाब ज्याला कोणापुढें तरी द्यावा लागतो तो जबाबदार. ही व्याख्या मान्य केली, तर जेथें जबाब मागणारा कोणी नाहीं तेथें जबाबदारीहि नाहीं, असें म्हणावें लागेल. आणि म्हणूनच ‘आंतरराष्ट्रीय जबाबदारी’ हे शब्द कानांवर पडले कीं आमचें मन थोडें साशंक होतें. एखादें बलाढ्य राष्ट्र परक्या भूमींत फौजा घालतें तेव्हां तें बहुधा याच जबाबदारीचें नांव घेतें. परंतु तो जबाब तें कोणाला देणार, केव्हां देणार, आणि तो असमाधानकारक ठरला तर पुढें काय, असें विचारलें कीं उत्तर देण्यास सहसा कोणी पुढें येत नाहीं.

या प्रश्नाची एक सोपी बाजू आहे, ती आधीं मान्य करूं. शेजारच्या घरांतून मध्यरात्रीं मुलाबाळांचा आक्रोश ऐकूं आला, तर दाराची कडी मोडून आंत शिरणें हें पाप नव्हे. आपलें दार लावून स्वस्थ निजणें हेंच पाप होय. ‘तें त्यांचें घरगुती प्रकरण आहे’ असें म्हणणाऱ्या माणसाला आपण सावध म्हणूं, पण चांगला म्हणणार नाहीं. राष्ट्रांचेंहि तसेंच आहे. १९९४ सालीं रुवांडा देशांत सुमारें शंभर दिवसांत लक्षावधि तुत्सी लोकांची कत्तल झाली. ती सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेनें तेथील आपलें सुमारें अडीच हजारांचें शांतिदल वाढविण्याऐवजीं तें २७० माणसांवर आणण्याचा ठराव केला. पुढच्याच वर्षीं, १९९५ च्या जुलईंत, बोस्नियांतील स्रेब्रेनित्सा येथें, संयुक्त राष्ट्रसंघानें ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केलेल्या जागीं, सुमारें आठ हजार पुरुष व मुलगे ठार मारले गेले. हस्तक्षेप न करणें हेंहि एक कृत्यच आहे आणि त्याचाहि जबाब द्यावा लागतो, हें या दोन घटनांनंतर कोणासहि नाकारतां येणार नाहीं.

पण याच दृष्टान्ताची दुसरी बाजू पाहा. ज्या शेजाऱ्याची कडी आपण मोडली त्याच्याशीं आपला बांधाचा तंटा असेल, त्याच्या विहिरीवर आपली कित्येक वर्षें नजर असेल, किंवा ज्या काठीनें तो मुलांना मारीत होता ती आपणच त्याला विकलेली असेल, तर गांव आपल्या त्या धांवून जाण्याला शेजारधर्म म्हणेल काय? शिवाय राष्ट्रांच्या बाबतींत आणखी एक मोठा भेद आहे. गांवांत जो कडी मोडतो तोच आंत शिरतो. काठी बसली तर त्याच्याच डोक्यांत बसते. राष्ट्रांत ठरविणारा निराळा, जाणारा निराळा, आणि ज्याचें घर मोडावयाचें तो तिसराच. ठरविणारा हा विधिमंडळाचा सभासद असतो. तो सभागृहांत मत देतो आणि रात्रीं आपल्या घरीं जातो. मराठींत हात वर करण्याचे दोन अर्थ आहेत. एक मत देण्याचा आणि दुसरा अंग काढून घेण्याचा. युद्धाच्या प्रश्नावर हे दोन अर्थ एक होऊं न देणें, हीच लोकप्रतिनिधीची खरी कसोटी आहे असें आम्हांस वाटतें.

ही कसोटी समोर ठेवून एका लोकप्रतिनिधीच्या मतांचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे. ब्रिटिश मजूर पक्षाचे रॉबिन कुक हे १९७४ पासून २००५ मध्यें मृत्यु येईपर्यंत कॉमन्स सभेचे सभासद होते. १९९७ ते २००१ पर्यंत ते परराष्ट्रमंत्री होते, व त्यानंतर कॉमन्स सभेंतील सरकारी कामकाजाची व्यवस्था पाहणाऱ्या मंत्र्याचें पद त्यांजकडे होतें. इराकवर स्वारी करण्याच्या ठरावावर मतें पडण्याच्या आदल्या दिवशीं, म्हणजे १७ मार्च २००३ रोजीं, त्यांनीं मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि मागच्या बांकावरून त्याचीं कारणें सांगितलीं. टाळ्या वाजविणें त्या सभेच्या शिरस्त्यांत बसत नाहीं. तरी भाषण संपतांच कांहीं सभासदांनीं टाळ्या वाजविल्या. दुसऱ्या दिवशीं सरकारचा ठराव ४१२ विरुद्ध १४९ मतांनीं संमत झाला, आणि युद्ध व्हावयाचें तें झालेंच.

कुक हे सर्वच युद्धें वर्ज्य मानणारे असते, तर त्यांच्या राजीनाम्यांत विचार करण्यासारखें विशेष कांहीं नव्हतें. पण चारच वर्षांपूर्वीं, १९९९ सालीं, कोसोव्होंतील अल्बेनियन प्रजेवरील अत्याचार थांबविण्यासाठीं नाटो राष्ट्रांनीं युगोस्लाव्हियावर ७८ दिवस बाँबवर्षाव केला, तेव्हां परराष्ट्रमंत्री या नात्यानें त्याचा पुरस्कार करणारे तेच होते. एकाच माणसानें एका हस्तक्षेपाला संमति दिली व दुसऱ्याला नकार दिला. ही विसंगति म्हणावयाची कीं विवेक?

त्यांच्या भाषणाचा मथितार्थ असा. कोसोव्होच्या वेळीं नाटो, युरोपीय संघ आणि त्या प्रदेशांतील सातहि शेजारी राष्ट्रें अनुकूल होतीं. इराकच्या वेळीं नाटोची संमति नाहीं, युरोपीय संघाची नाहीं, सुरक्षा परिषदेचीहि नाहीं. ब्रिटन हें आतां महासत्ता राहिलेलें नाहीं, तेव्हां नियमांनीं चालणारी जगाची व्यवस्था टिकविण्यांतच त्याचें हित आहे. इराकचें सैन्य इतकें दुबळें झालें आहे कीं युद्ध थोड्याच दिवसांत आटोपेल असें म्हणावयाचें, आणि त्याच तोंडानें इराकपासून मोठा धोका आहे म्हणून आधींच हल्ला करावा असेंहि म्हणावयाचें, हें जुळत नाहीं. ज्यांना सामान्यतः महासंहारक अस्त्रें म्हणतात तीं इराकजवळ बहुधा नसावींत. आणि जें कांहीं असेल त्याची सामग्री पूर्वीं अमेरिकन कंपन्यांनींच विकलेली असून त्याचे कारखाने उभारण्यास ब्रिटिश सरकारचीच संमति होती. बाँबवर्षावांत मरणाऱ्या नागरिकांची गणना निदान हजारांनीं करावी लागेल. आपल्या सैनिकांविषयीं आस्था बाळगणें आणि त्यांना संकटांत लोटणाऱ्या युद्धास विरोध करणें यांत विरोध नाहीं, हेंहि त्यांनीं सांगितलें; आणि या प्रसंगाचा फायदा घेऊन पंतप्रधानांस पदावरून काढूं पाहणाऱ्यांना आपण साथ देणार नाहीं, असेंहि स्पष्ट केलें.

अस्त्रांविषयींचें त्यांचें अनुमान पुढें खरें ठरलें. पण अनुमान खरें ठरलें म्हणून आम्ही त्यांची थोरवी गात नाहीं. तसें म्हटलें तर अस्त्रें सांपडलीं असतीं तर त्यांचा राजीनामा चुकीचा ठरला असता. आणि नीतीचा निर्णय असा योगायोगावर सोडतां येत नाहीं. महत्त्वाची गोष्ट ही कीं, मत देण्यापूर्वीं पुरावा तपासणें हें ते आपलें काम समजत. १९८० नंतरच्या दशकांत ब्रिटननें इराकला विकलेल्या युद्धोपयोगी सामग्रीची न्यायमूर्ति स्कॉट यांनीं जी चौकशी केली, तिचा अनेक खंडांचा अहवाल १९९६ सालीं प्रसिद्ध झाला. विरोधी पक्षाच्या वतीनें त्यावर बोलण्यासाठीं कुक यांना तो वाचावयास अवघे दोन तास मिळाले होते. तेवढ्या वेळांत त्यांनीं त्यांतील वर्म शोधून काढलें, आणि पुढें त्यावरील मतदानांत तत्कालीन सरकार केवळ एका मतानें बचावलें. इराकच्या तलवारीला धार कोणी लावून दिली होती हें ज्यानें असें पानोपान वाचलेलें, तो त्याच तलवारीच्या भीतीनें एकाएकीं भारून जाणें कठीणच होतें.

आतां त्यांच्याविरुद्धहि जें म्हणतां येईल तें म्हटलें पाहिजे. कोसोव्होच्या बाँबवर्षावालाहि सुरक्षा परिषदेची परवानगी नव्हती. त्यांत ग्रडेलित्सा येथील पुलावर प्रवाशांनीं भरलेली आगगाडी सांपडली, बेलग्रेडमधील चिनी वकिलातीवर बाँब पडले, आणि ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संस्थेच्या मोजणीप्रमाणें सुमारें ५०० नागरिक मेले. बाँबवर्षाव चालू असतांनाच आठ लाखांहून अधिक अल्बेनियन लोक देशोधडीला लागले. युद्ध संपल्यावर त्यांतील बहुतेक परत आले हें खरें, पण मेलेले परत आले नाहींत. शिवाय १९९७ मध्यें परराष्ट्रधोरणाला नीतीचीहि एक बाजू असली पाहिजे असें जाहीर करणाऱ्या याच मंत्र्याच्या कारकीर्दींत, पूर्व तिमोर दडपून बसलेल्या इंडोनेशियाला पूर्वीच्या सरकारनें दिलेले हॉक विमानांचे परवाने रद्द झाले नाहींत. फौज पाठविणें हा जसा हस्तक्षेप आहे तसा शस्त्र विकणें हाहि हस्तक्षेपच आहे. फरक इतकाच कीं पहिल्यासाठीं सभागृहांत मत द्यावें लागतें, आणि दुसरा मुकाट्यानें कचेरीच्या टेबलावर उरकतां येतो.

याहून अवघड आक्षेप त्यांच्याच पक्षाच्या दुसऱ्या एका सभासदाच्या रूपानें समोर उभा होता. वेल्समधून निवडून आलेल्या ॲन क्लुइड या कित्येक वर्षें इराकांतील कुर्द लोकांची बाजू मांडीत आल्या होत्या. १६ मार्च १९८८ रोजीं सद्दाम हुसेनच्या सैन्यानें हलब्जा या कुर्द गांवावर विषारी वायु सोडला व सुमारें पांच हजार माणसें मेलीं, तेव्हां थोरामोठ्यांच्या सरकारांनीं मौन पाळलें. बाई मात्र गप्प बसल्या नाहींत. २००३ मध्यें त्यांनीं युद्धाच्या बाजूनें मत दिलें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, नियमांची व शेजाऱ्यांच्या संमतीची वाट पाहत बसलेल्या जगानें या लोकांना आजवर काय दिलें? तुरुंगांत ज्याचे हाल चालले आहेत त्याच्यासाठीं सुरक्षा परिषदेंतील मतांची मोजदाद ही क्रूर थट्टा आहे. हा युक्तिवाद तेलावर डोळा ठेवणाऱ्याचा नव्हता. पीडितांच्या शेजारीं वर्षानुवर्षें बसलेल्या बाईचा होता. जो माणूस याचा विचार न करतां इराकयुद्धाचा निषेध करतो, त्याचा निषेध स्वस्त आहे असें आम्ही समजतों.

मग या दोघां प्रामाणिक प्रतिनिधींत निवाडा कसा करावयाचा? आमच्या मतें, दोघेहि एकाच तिसऱ्या माणसाविषयीं बोलत होते हें प्रथम ओळखलें पाहिजे. ज्याच्या छपरावर बाँब पडणार त्याचें, आणि ज्याच्या मानेवर जुलमी राजाचा पाय आहे त्याचें, अशा दोघांचेंहि त्या सभेंत मत नसतें. सभासद आपल्या मतदाराला जबाब देतो, आपल्या पक्षाला देतो, फार तर आपल्या सैनिकाच्या आईला देतो. पण बसऱ्याच्या किंवा हलब्जाच्या रहिवाशाला जबाब देण्याची सोय कोणत्याहि राज्यघटनेंत नाहीं. म्हणून त्याच्या अनुपस्थितींत त्याच्या मताच्या जागीं दुसरें कांहीं तरी ठेवणें भाग पडतें. शेजारी राष्ट्रांची संमति, सुरक्षा परिषदेचा ठराव, आंतरराष्ट्रीय कायदा, या सर्वांची किंमत एवढ्यासाठींच आहे. त्या वस्तु पवित्र आहेत म्हणून नव्हे, तर ज्याचा आवाज सभेपर्यंत पोंचत नाहीं त्याच्या वतीनें ‘थांबा, विचार करा’ असें म्हणणारें दुसरें कोणी नाहीं म्हणून. कुक यांनीं संमतीवर जो जोर दिला त्याचा अर्थ आम्ही असा घेतों.

आणि बाईंच्या युक्तिवादाला याच जागीं उत्तर आहे. आक्रोश चालू असतां कडी मोडणें याला सोडवणूक म्हणतात. आक्रोश थांबून वर्षें लोटल्यावर कडी मोडणें याला फार तर शिक्षा म्हणतां येईल, आणि ती शिक्षा नेमकी घरांतल्या सर्वांना भोगावी लागते. १९८८ मध्यें हलब्जा जळत होतें तेव्हां कडी मोडण्यास कोणी गेलें नाहीं. उलट त्याच वर्षाच्या अखेरीस युद्धोपयोगी माल इराकला विकण्याचे नियम पार्लमेंटला न सांगतां सैल करण्यांत आले, हें स्कॉट यांच्या चौकशींत उघड झालें. १९९१ पासून उत्तर इराकांतील कुर्दांच्या प्रदेशावर दोस्तांच्या विमानांचें छत्र होतें, आणि तेथें त्यांचा कारभार तेच पाहत होते. सद्दामचा जुलूम २००३ मध्यें संपला होता असें आमचें म्हणणें नाहीं. पण ज्या अपराधाकडे स्वार्थासाठीं डोळेझांक केली, तोच अपराध पंधरा वर्षांनीं स्वारीचें कारण म्हणून पुढें करणाऱ्याला शेजारधर्माचें नांव घेण्याचा अधिकार उरत नाहीं. तो अधिकार क्लुइडबाईंना होता. त्यांच्या सरकारला नव्हता.

ज्याला मत नाहीं त्याच्या नशिबाचा निर्णय दूरच्या सभेनें करावा, ही गोष्ट आपणां महाराष्ट्रीयांस केवळ पुस्तकांतली नाहीं, आणि योगायोग असा कीं तिचें स्थळहि इराकच आहे. १९१४ च्या नोव्हेंबरांत बसरा घेतलें तें ब्रिटिश हिंदी फौजेच्या सहाव्या, म्हणजे पुणें डिव्हिजननें. तींत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. बगदादच्या मोहानें ही डिव्हिजन पुढें पुढें ढकलली गेली, कुत-अल-अमारा येथें वेढली गेली, आणि जवळजवळ पांच महिन्यांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें तेरा हजार माणसांनीं तुर्कांपुढें शस्त्रें ठेवलीं. त्यांतील हजारों कैदेंत मेले. दख्खनच्या खेड्यांतून गेलेल्या त्या शिपायाला लंडनच्या सभेंत मत नव्हतें, सिमल्याच्या कौन्सिलांतहि नव्हतें. १९१७ च्या मार्चांत बगदाद हातीं आल्यावर जनरल मॉड यांनीं जाहीरनामा काढला कीं, आम्ही जेते म्हणून नव्हे तर मुक्तिदाते म्हणून आलों आहों. तीन वर्षांनीं, १९२० मध्यें, तेथील प्रजेनें या मुक्तीविरुद्ध बंड केलें. मोहिमेच्या गैरव्यवस्थेची, विशेषतः जखमींच्या झालेल्या हालांची, चौकशी झाली आणि १९१७ च्या जुलईंत भारतमंत्री ऑस्टिन चेंबर्लेन यांनीं आपल्या खात्यावरील ठपक्याचा मान राखून राजीनामा दिला. तो राजीनामा सभ्यपणाचा होता यांत शंका नाहीं. पण तो कुतच्या नंतरचा होता. कुक यांचा राजीनामा बसऱ्याच्या आधींचा होता. झाल्यावर दिलेला जबाब हें प्रायश्चित्त. होण्यापूर्वीं दिलेला जबाब ही जबाबदारी. दोहोंतील अंतर एवढेंच, पण त्या अंतरांत माणसें मरतात.

येथवर वाचून आपण भारतीय या दोषांतून मोकळे आहों असें कोणास वाटेल, तर तो भ्रम दूर करणें अवश्य आहे. १९७१ मध्यें आपल्या सैन्यानें पूर्व पाकिस्तानांत प्रवेश केला तेव्हां संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनें युद्धबंदीचा व फौजा माघारीं घेण्याचा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनीं केला होता. संमति हीच एकमेव कसोटी मानली तर आपण त्या वेळीं अपराधी ठरतों. तसें आम्ही मानीत नाहीं. आणि तें केवळ स्वदेशाभिमानानें नव्हे. ज्यांच्यासाठीं आपण गेलों त्यांचें मत त्या वेळीं अज्ञात नव्हतें. १९७० च्या डिसेंबरांतील निवडणुकींत पूर्वेकडील १६२ सर्वसाधारण जागांपैकीं १६० त्यांनीं अवामी लीगला दिल्या होत्या, आणि त्यानंतर सुमारें एक कोटि माणसें घरेंदारें टाकून आपल्या सीमेंत येऊन पडलीं होतीं. आक्रोश चालू होता, तो थांबून गेलेला नव्हता. युद्धाची औपचारिक सुरुवात ३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांच्या हल्ल्यानें झाली, १६ डिसेंबरला तें संपलें, आणि १९७२ च्या मार्चांत आपली फौज परत आली. कडी मोडली, मुलें सोडविलीं, आणि घर त्यांच्या स्वाधीन करून आपण बाहेर पडलों. हें शेवटचें कलम सर्वांत महत्त्वाचें आहे.

पण १९८७ मध्यें श्रीलंकेंत आपण गेलों तें तेथील सरकारच्या सहीचा करार हातांत घेऊन. कागद निर्दोष होता. तरी ज्या तामिळ लोकांच्या रक्षणासाठीं गेलों त्यांच्यापैकींच लढणाऱ्यांशीं लढण्याची पाळी आली, सुमारें बाराशें भारतीय सैनिक मेले, आणि १९९० मध्यें परत येतांना आपल्याला निरोप देणारें तेथें फारसें कोणी नव्हतें. म्हणजे संमतीचा कागद पुरेसा नाहीं, हेंहि आपणच शिकलों. लिबियांत १९११ पासून परकीय फौजांचा अनुभव घेतलेल्या प्रजेला शंभर वर्षांनीं पुन्हां तोच धडा मिळाला. २०११ मध्यें सुरक्षा परिषदेच्या ठरावानें नागरिकांच्या रक्षणासाठीं म्हणून विमानें गेलीं, कॉमन्स सभेनें ५५७ विरुद्ध १३ अशा प्रचंड बहुमतानें तें मान्य केलें, राजवट कोसळली, आणि मागें उरला तो परस्परांशीं लढणाऱ्या टोळ्यांचा देश. आंत शिरण्याची परवानगी सर्वांनीं पाहिली होती. बाहेर पडतांना घर कोणाच्या हातीं देणार, हें कोणी विचारलें नव्हतें.

त्याच सभेनें दोन वर्षांनीं, २९ ऑगस्ट २०१३ रोजीं, सीरियांत हस्तक्षेप करण्यास २८५ विरुद्ध २७२ मतांनीं नकार दिला. दमास्कसजवळ घूटा येथें विषारी वायूचा हल्ला होऊन त्या वेळीं आठच दिवस झाले होते. नकार देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें इराक होता, आणि त्यांची भीति खोटी नव्हती. पण सीरियाचें युद्ध पुढें वर्षानुवर्षें चाललें व लाखों माणसें मेलीं. विमानें गेलीं असतीं तर तीं वांचलीं असतीं असें छातीवर हात ठेवून कोणास म्हणतां येणार नाहीं. पण नकाराला हिशेब नसतो असें मात्र कोणी समजूं नये. ‘नाहीं’ म्हणणाऱ्यालाहि मेलेल्यांच्या यादीसमोर उभें राहावें लागतें.

या सर्व उदाहरणांतून एखादें सूत्र काढून तें वाचकांच्या हातीं द्यावें, आणि त्याला लावून प्रत्येक युद्ध खरें कीं खोटें हें पाहावें, असा आमचा दावा नाहीं. तसें सूत्र असतें तर लोकप्रतिनिधींची गरजच उरली नसती. कारकुनानें हिशेब करून निकाल दिला असता. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, फौज पाठविण्याच्या बाजूनें किंवा विरुद्ध मत देणाऱ्यानें त्या सभेंत नसलेल्या माणसाला आपल्यासमोर उभें करावें आणि त्याला कांहीं साध्या प्रश्नांचीं उत्तरें द्यावींत. तुझा आक्रोश आज चालू आहे म्हणून मी येत आहें, कीं तो आज माझ्या सोयीचा आहे म्हणून? तुझ्यावर उगारलेली काठी मी विकली होती काय? तुझ्या शेजाऱ्यांस मी विचारलें काय? माझ्या मित्रानें हेंच केलें असतें तर मी त्याच्यावर चालून गेलों असतों काय? आणि मी परत केव्हां जाणार? ज्याला या प्रश्नांचीं उत्तरें तोंड न लपवितां देतां येतात, त्याचें मत चुकलें तरी तें जबाबदार मत होय.

इराकयुद्धाचा ब्रिटनमधील अधिकृत जबाब शेवटीं लिहिला गेला तो सर जॉन चिल्कॉट यांच्या चौकशीमंडळाच्या अहवालांत. प्रसिद्ध झाला ६ जुलै २०१६ रोजीं, म्हणजे स्वारीनंतर तेरा वर्षांनीं. शांततेचे मार्ग खुंटलेले नव्हते, अस्त्रांच्या धोक्याविषयीं जी खात्री दाखविली ती समर्थनीय नव्हती, आणि युद्धानंतरची तयारी अगदींच अपुरी होती, असे त्याचे निष्कर्ष आहेत. २००९ च्या जुलईपर्यंत निदान दीड लाख इराकी मेले, बहुतेक सामान्य नागरिक, आणि दहा लाखांहून अधिक परागंदा झाले, असें तो सांगतो. कुक यांनीं हजारांनीं गणना होईल असें म्हटलें होतें. ती लाखांनीं करावी लागली. पण हा अहवाल पाहण्यास ते जिवंत नव्हते. ६ ऑगस्ट २००५ रोजीं स्कॉटलंडच्या डोंगरांत फिरत असतां ते कोसळले व त्यांतच मरण पावले. एडिंबरो येथील त्यांच्या समाधीवर त्यांचेच शब्द कोरलेले आहेत. त्यांचा आशय असा कीं, मला युद्ध थांबवितां आलें नसेल, पण युद्धाचा निर्णय करण्याचा पार्लमेंटचा हक्क मी मिळवून दिला. हा हक्कहि वाटला तितका पक्का ठरला नाहीं. २०१८ मध्यें सीरियावरील हल्ल्याच्या वेळीं सरकारनें सभेला आधीं विचारलें नाहीं.

आपल्या देशांत तर फौज परदेशीं पाठविण्यापूर्वीं संसदेचें मत घेण्याचें बंधनच नाहीं. २००३ मध्यें अमेरिकेनें इराकांत भारतीय फौज मागितली होती. लोकसभेनें त्या युद्धाचा निषेध आधींच केला होता, आणि १४ जुलै २००३ रोजीं आपल्या सरकारनें, संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्पष्ट आदेशावांचून फौज पाठवितां येणार नाहीं असा निर्णय दिला. पुणें डिव्हिजन बसऱ्याला उतरली त्याला तेव्हां एकोणनव्वद वर्षें होत आलीं होतीं. पहिल्या खेपेस जाणाऱ्याला कोणी विचारलें नव्हतें. या खेपेस निर्णय आपल्या हातीं होता, आणि सुदैवानें तो बरा झाला. तसें सुदैव प्रत्येक वेळीं असेलच असें नाहीं. आपल्या मतांवर निवडून गेलेला प्रतिनिधि उद्यां अशा प्रसंगीं काय करील, हें त्याला निवडून देण्यापूर्वीं विचारण्याची संवय आपण अजून लावून घेतलेली नाहीं. रस्ते, पाणी, शाळा यांचा जबाब आपण त्याच्याकडे मागतों, आणि तें योग्यच आहे. पण परक्या देशांतील ज्या घरांना त्याचें मत उद्यां उजाड करील किंवा वांचवील, त्या घरांना त्याच्याकडे जबाब मागतां येत नाहीं. त्यांच्या वतीनें तो मागण्याचें काम आपल्याशिवाय दुसऱ्या कोणाचें आहे?